सत्तावन्न मिलिमीटर

मंदा गेल्याचं दशरथला कळलं तेव्हा तो हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर चहा पीत उभा होता. मुलीचा, रसिकाचा फोन आला. "बाबा, वर या," एवढंच ती म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं. झोपलेल्या मुलाला उठवताना बोलतात तशी हळू बोलली, आणि त्यावरूनच त्याला कळलं. त्याने चहा पुरा प्यायला. ही गोष्ट त्याने नंतर कुणाला सांगितली नाही, पण त्याने चहा पुरा प्यायला, पेला नीट बाजूला ठेवला आणि समोर लिफ्ट उघडी असताना तो जिन्याने चार मजले चढून गेला.

पाच दिवसांपूर्वी छातीत दुखतंय म्हणून मंदाला, त्याच्या बायकोला, रिक्षाने न्यायला निघाले, तेव्हा ती दारातून मागे वळून म्हणाली होती, "फ्रीजरमधली तांबोशी तशीच राहू दे. मी आले की साफ करते. तू हात लावू नको. पित्त फोडशील आणि सगळा मासा कडू करशील."

तेरावं झालं. पेणहून आलेले नातेवाईक परत गेले. रसिका आणखी तीन दिवस राहिली. निघायच्या आधी तिने फ्रीज रिकामा करायला घेतला, तेव्हा दशरथ म्हणाला, "तो मासा राहू दे."

"बाबा, तीन आठवडे झाले त्याला."

"बर्फात आहे. राहू दे."

ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, सिल्व्हर पार्कमधल्या आपल्या स्वयंपाकघरात, दशरथने आयुष्यात पहिल्यांदा मासा साफ करायला घेतला.

ऐकणाऱ्याला हसू येईल. वीसेक वर्षं हा माणूस दर रविवारी उत्तनच्या पुढे चौकला जायचा आणि खडकावर उभा राहून समुद्रात गळ टाकायचा. किती मासे आणले असतील त्याचा हिशोब नाही. पण घरात कामाची वाटणी ठरलेली होती. मासा पाण्यातून काढायचा दशरथने, पुढचं सगळं मंदाने. त्याने कधी विळी हातात घेतली नाही आणि तिने कधी रॉड धरला नाही. ती त्याच्याबरोबर खडकावर यायची, छत्री उघडून बसायची, पण रॉडला हात लावायची तो फक्त मासा मोजायला.

खवले काढता काढता ते भिंतीवर, चष्म्यावर, पाण्याच्या माठावर उडाले. पोट चिरताना त्याने श्वास रोखून धरला होता. पित्त फुटलं नाही. मंदाला हे सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलं.

मग त्याला आठवलं की मंदा मासा चिरला की सगळ्यात आधी गाभोळी, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, आहे का ते बघायची. बाकीचं नंतर. त्याने दोन बोटं आत घालून बघितलं. त्याला काही सापडलं नाही. पण मुळात शोधायचं कुठे हेच त्याला माहीत नव्हतं. म्हणून त्याने हात धुतले आणि चौकला ॲलिसला फोन लावला. ॲलिस म्हणजे त्याचा जुना मित्र रेमंड, त्याची बायको. तिचा जन्म मासळीत गेला होता.

"ॲलिस, गाभोळी कुठे असते?"

ॲलिस म्हणाली, "दशरथभाऊ, बरे हाय ना तुमी?"

"बरा आहे. मासा साफ करतोय. तांबोशी."

"तुमी?" तिला हसू आलं आणि तिने ते आवरलेलं त्याला कळलं. "पोटात वरच्या अंगाला बगा. काट्याला लागून. दोन लांब पिशव्या असतात."

"पिशव्या नाहीत. दोन दोरे असावेत तसं काहीतरी आहे."

"केवढी हाय मासळी?"

"चारशे वीस मिलिमीटर."

"मिलिमीटर मना नका सांगू. हातानं सांगा."

दशरथने हात माशाशेजारी धरला. "कोपरापासून बोटांच्या मधल्या पेरापर्यंत."

"मंग ती पोर हाय अजून. तिच्यात कशी सापडंल?"

"पण रेषेच्या पुढे आहे, ॲलिस. चांगली बोटभर पुढे आहे."

"रेष तुमी मारली," ॲलिस म्हणाली. "मासळीला कोनी सांगितलं?"

आता ही रेष कसली, ते सांगायला हवं.

दशरथ आणि रेमंडने अकरा वर्षांपूर्वी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकसारखे दोन रॉड घेतले. त्यानंतर वर्षभराने मंदाने दशरथच्या रॉडवर एक लाल दोरा गुंडाळला आणि सुटू नये म्हणून वरून नखांना लावायचं पॉलिश लावलं. म्हणाली, "तांबोशी मिळाली की तोंड रॉडच्या बुडाला लाव. शेपूट या दोऱ्यापर्यंत आली नाही तर परत सोड."

"का?"

"याच्या आतल्यात मला कधी गाभोळी सापडली नाही. याच्या बाहेरच्यात सापडते. एकदा तरी तिला अंडी घालू दे, मग आण की."

दोन वर्षं ती हे बघत होती आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पोट चिरायचं, आत बघायचं, आणि लांबी लक्षात ठेवायची. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं. दशरथ मात्र भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात टूलरूमला एकतीस वर्षं होता. मापं घेणं हेच त्याचं काम. तरी बाहेरून माशाला हजार वेळा टेप लावूनही त्याला जे कळलं नव्हतं ते तिला आतून कळलं. त्याने तिचं ऐकलं. सुरुवातीला चांगला हातभर मासा पाण्यात परत सोडताना त्याच्या जिवावर यायचं. नंतर सवय झाली.

सरकारनेही मध्ये काही माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली. पण ते सगळं जाळ्यांच्या बोटींसाठी आहे, अशीच हौसेने गळ टाकणाऱ्यांची समजूत. रविवारी खडकावर उभ्या असलेल्या माणसाची पिशवी कोण उघडून बघतो? चौकच्या खडकावर जमणाऱ्या सतरा-अठरा जणांचा एक ग्रुप होता, 'खडकवाले' नावाचा. तो नीलेशने काढलेला. नीलेशचा भाईंदरला मंडपाचा धंदा. त्याने मंदाला दोऱ्यावर मासा मोजताना बघितलं, आणि त्याच्या डोक्यात आलं की आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून आपणच आपल्याला विचारावं. मागच्याच्या मागच्या दिवाळीत दशरथने ॲल्युमिनियमच्या सतरा पट्ट्या बनवल्या. एका टोकाला माशाचं तोंड टेकवायला आडवा तुकडा, आणि पुढे खोल कोरलेली एक रेष. रॉडच्या बुडापासून दोऱ्यापर्यंतचं अंतर त्याने व्हर्नियर लावून तीनदा मोजलं होतं. चारशे सहा मिलिमीटर. ग्रुपमध्ये या पट्टीला सगळे 'मंदाकाकी पट्टी' म्हणू लागले. मंदाला पहिल्यांदा ते ऐकून इतकं हसू आलं की तिला ठसका लागला.

तर त्या पट्टीच्या रेषेच्या पुढे असलेला हा मासा, आणि तो आतून रिकामा.

एका माशाने काय होतं, असं दशरथ स्वतःला म्हणाला. नर असेल. मोसम नसेल. त्याने कालवण केलं, ते खारट झालं, ते त्याने खाल्लं. पण रात्रभर त्याला एक वेगळीच गोष्ट आठवत राहिली. गेल्या वर्षभरात मंदा दोन-तीनदा विळीवरून म्हणाली होती, "हल्ली तांबोशीत काहीच कसं नाही रे?" आणि तो पेपरातून मान वर न करता म्हणाला होता, "समुद्रच बिघडलाय."

टूलरूममध्ये एक शिस्त होती. माल सारखा नापास व्हायला लागला तर आधी मालाला बोल लावायचा नाही, आधी माप तपासायचं. दुसऱ्या दिवशी त्याने रॉड पिशवीतून काढला आणि टेप लावला. बुडापासून दोऱ्यापर्यंत चारशे सहा. पट्टीवर चारशे सहा. दोन्ही जुळत होते. मग चूक कुठे? की चूक नाहीच, आणि खरंच समुद्र बिघडलाय? त्याला आता राहवेना. गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी जाणून घ्यावंसं वाटत होतं. त्याने रॉड काखेत मारला आणि भाईंदरहून चौकची बस धरली.

रेमंडच्या अंगणात बोंबील वाळत होते. रेमंड खाटेवर बसून रिळाला तेल देत होता. दशरथला बघून तो उठला, त्याचा खांदा दाबला आणि बसायला जागा केली. मग काखेतल्या रॉडकडे बघून म्हणाला, "आज तर बुधवार हाय."

"तुझा रॉड काढ."

"कशाला?"

"काढ तर."

दोन्ही रॉड खाटेवर शेजारी शेजारी ठेवले आणि दशरथला काही मोजावंच लागलं नाही. रेमंडच्या रॉडवर मुठीच्या खाली, बुडाकडे, चार चंदेरी पट्टे होते. दशरथच्या रॉडवर दोनच.

"तुजे दोन पट्टे कुटं गेले?" रेमंडने विचारलं.

दशरथ खाटेवर बसला. त्याला सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, याच किनाऱ्यावर त्याचा पाय घसरला होता आणि रॉडचं बूड दोन खडकांच्या फटीत अडकून चिरलं होतं. मंदा तेव्हा बहिणीकडे पेणला होती. त्याने गॅलरीत बसून चिरलेला भाग हॅक्सॉने कापला, कडा पॉलिश पेपरने घासली, नवा रबरी बूच बसवला. काम इतकं सफाईने झालं की मंदाला ते दिसलंही नाही, आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलं नाही.

त्याने दोन्ही रॉडवर पहिल्या कडीपासून बुडापर्यंत टेप लावला. पुन्हा लावला.

"सत्तावन्न," तो म्हणाला. "सत्तावन्न मिलिमीटर. कंपनीचा फरक दोन-तीन धरला तरी."

"मंग? रॉड तर चालतोय ना?"

"रेमंड, मासा कुठून मोजतो आपण? बुडापासून. मी शून्यच कापलं."

रेमंडला कळायला थोडा वेळ लागला. मंदाचा दोरा होता तिथेच होता. पण तोंड जिथे लावायचं ते टोक दशरथने स्वतःच पुढे सरकवलं होतं. मंदाचं माप चारशे त्रेसष्ट होतं. दशरथने ते चारशे सहा केलं, आणि मग त्याच्या सतरा पट्ट्या करून लोकांना वाटल्या.

"दुरुस्त केलेलं माप तपासल्याशिवाय मशीनवर जायचं नाही," दशरथ म्हणाला. "एकतीस वर्षं मी पोरांना हेच ओरडत होतो. आणि घरी..."

ॲलिस आतून पाणी घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं. "म्हंजे आमची मंदा बरोबर होती," ती म्हणाली.

"बरोबर होती."

"आनि ती इचारत होती तवा तुमी काय सांगितलं?"

दशरथ पाणी प्यायला.

रेमंड म्हणाला, "हे बग, कोनाला कायपन सांगू नको. मी सांगतो म्हनून. त्या ग्रुपमदली निम्मी पोरं पट्टी लाजेकाजेस्तव आनतात. तो बंटी तर काय बोलतो ठावं हाय ना? तू चूक झाली म्हनशील, ती पट्टी समुद्रात टाकतील आनि वर मंदाला हसतील. आनि कशासाटी? तिकडं बोटी बारीक मासळी टोपल्यांनी उतरवतात. आपन चार बोटांवर भांडायचं?"

"बोटींचं माप मी नाही काढलं," दशरथ म्हणाला. "हे मी काढलं."

रेमंडने खांदे उडवले. पण त्याने जे सांगितलं ते दशरथच्या डोक्यात घर करून बसलं. मंदाच्या मागे घरात साड्या होत्या, डबे होते, देव होते. हे सगळं कुणाच्याही बायकोच्या मागे असतं. तिने स्वतः बघून, स्वतः डोकं चालवून काढलेली एकच गोष्ट जगात होती, ती म्हणजे हे माप. ते खोटं म्हणून फेकलं गेलं तर? आणि तोंड बंद ठेवलं, तर तिच्या नावाने चुकीचं माप चालत राहणार. दोन्हीकडून पंचाईत.

ग्रुपवर त्याने तीनदा मेसेज लिहिला आणि तीनदा पुसला. दुसऱ्या दिवशी तो जुन्या कारखान्यात गेला. लेथवर नवा माणूस होता, पण फोरमन ओळखीचा. पांढऱ्या नायलॉनचा एक तुकडा दशरथने स्वतः टर्न केला. बरोबर सत्तावन्न मिलिमीटर. घरी येऊन तो रॉडच्या बुडाला घट्ट बसवला. लाल दोऱ्याला त्याने हात लावला नाही. दोरा होता तिथेच राहिला आणि पुन्हा खरा झाला.

रविवारी सकाळी ओहोटी होती. चौकला किल्ल्याखालच्या खडकांवर नऊ-दहा जण आले होते. मंदा गेल्यानंतर दशरथ पहिल्यांदाच आला होता, म्हणून प्रत्येक जण येऊन दोन शब्द बोलून जात होता. सगळ्यात शेवटी बंटी आला. काशीगावला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, वय तीस-बत्तीस, आणि तोंडाला कुलूप नाही. त्याने दशरथचा हात हातात घेऊन थोडा वेळ धरला. मग नजर खाली गेली.

"काका, ये क्या? रॉडला नवा पाय लावला?"

"सांगतो. सगळे जमले की सांगतो."

पण सगळे जमायच्या आधीच बंटीचा रॉड वाकला. पाच मिनिटं त्याची आणि माशाची ओढाताण चालली. नीलेश ओरडत होता, "ढील दे, ढील दे, खडकाखाली घुसेल!" आणि मग तांबूस, जाडजूड तांबोशी खडकावर आली. बंटीची इतक्या वर्षांतली सगळ्यात मोठी. तो लहान मुलासारखा नाचला. मासा ओल्या गोणपाटावर ठेवून त्याने स्वतःची पट्टी काढली.

"काका, तुम्हीच मोजा. तुमच्या हातानं. मंदाकाकीच्या नावानं."

दशरथने माशाचं तोंड टोकाला लावलं. शेपूट रेषेच्या चांगली पुढे गेली.

"पास!" बंटी ओरडला. "घरी फोन करतो, मसाला वाटायला घ्या म्हणून."

"थांब," दशरथ म्हणाला. "पास नाही."

"मतलब? रेष इथे, शेपूट तिथे. चष्मा साफ करा, काका."

"ही पट्टी चुकीची आहे. सतराच्या सतरा चुकीच्या आहेत. मी चुकीच्या बनवल्यात."

नीलेश हातातलं आमिष तसंच धरून जवळ आला. दशरथने रॉड उचलला, पांढरा तुकडा दाखवला आणि सांगितलं. फट, हॅक्सॉ, बूच, शून्य. मंदा विळीवरून काय विचारायची आणि तो काय उत्तर द्यायचा, तेसुद्धा सांगितलं. ते सांगायचं ठरवलं नव्हतं, पण सांगून झालं.

"म्हणजे काकींचं माप बरोबर होतं," नीलेश हळूच म्हणाला.

"बरोबर होतं. मी तिला न सांगता बिघडवलं."

बंटीचा चेहरा लाल झाला होता. "सव्वा वर्ष, काका. सव्वा वर्ष मी हातात आलेले मासे पाण्यात टाकले या पट्टीनं. घरी बायको हसायची, की हा समुद्राला मासे खायला घालून येतो. आणि आता सांगताय पट्टी गलत?"

"जे सोडलेस ते सगळे बरोबर सोडलेस," दशरथ म्हणाला. "या रेषेत नापास झालेला खऱ्या रेषेतही नापासच. चूक झाली ती ठेवलेल्यांत. त्यातले काही ठेवायला नको होते."

"और ये?"

दशरथने टेप लावला. "चारशे एकतीस. बत्तीस मिलिमीटर कमी."

मासा गोणपाटावर तोंड उघडझाप करत होता. कुणीतरी त्याच्यावर पाणी ओतलं.

"नियम आजपासून की पुढच्या रविवारपासून?" बंटीने विचारलं. त्याने एकेकाकडे बघितलं. "बोला ना. नीलेशभाई?"

नीलेशने दशरथकडे बघितलं.

"मासा तुझा, पट्टी मी दिलेली," दशरथ म्हणाला. "ठेवलास तर तुला कुणी काही बोलायचं नाही. बोलायचं तर मला बोला."

बंटी पाण्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने कमरेची सुरी काढली. "ठीक आहे. तुम्ही म्हणता काकी आत बघायच्या. मग आत बघू. गाभोळी निघाली तर तुमची नवी रेष झूठ, आणि पट्टी मी इथेच समुद्रात फेकणार. मंजूर?"

"मंजूर," दशरथ म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला मंदाचं नाव जाण्याची, ग्रुपची, लोकांच्या हसण्याची, कशाचीच भीती वाटली नाही. आत काय आहे ते त्यालाही बघायचं होतं.

बंटीने मासा मारला आणि पोट उभं चिरलं. नऊ जण उकिडवे बसून वाकून बघत होते. कुणाचंतरी डोकं कुणाच्यातरी डोक्यावर आपटलं. दशरथने आता शिकल्याप्रमाणे बोटाने काट्याच्या बाजूचा भाग मोकळा केला.

"इथे असते. दोन लांब पिशव्या."

तिथे दोन बारीक गुलाबी दोरे होते. त्यांच्यापेक्षा गळाची दोरी जाड.

"हे काय?" बंटीने विचारलं.

"इथे पुढे गाभोळी झाली असती. किंवा नर असेल. या वयात मला ओळखता येत नाही."

"म्हणजे तुम्ही जिंकले."

"नाही रे. एका माशावरून काही कळत नाही. मंदाने दोन वर्षं बघितले, तेसुद्धा आमच्या एका घरात आलेले. चाळीसेक मासे असतील. तिचं माप अंदाजाचंच होतं. पण ते आत बघून काढलेलं होतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग चारशे त्रेसष्ट तरी बरोबर कशावरून?"

"तेच तर मला माहीत नाही," दशरथ म्हणाला. "मोसमाचा फरक असेल. चारशे ऐंशी लागत असेल. मला ते बघायचं आहे."

बंटीने मासा नेला. का नेऊ नये? मेलेला मासा समुद्रात टाकून कुणाचं भलं होणार? पण जाताना त्याने पट्टी दशरथच्या हातात दिली. "रेष नवी मारून द्या. और एक बात, जुनी रेष घासू नका. राहू दे. लोकांना दिसू दे, कितना फर्क पडता है."

संध्याकाळी ग्रुपवर बंटीचा फोटो आला. सकाळचाच मासा, पोट उघडं, शेजारी टेप. खाली लिहिलं होतं: '४३१. खाली. और किसी ने मासा काटा तो अंदर का फोटो डालो. हिरोगिरीचा फोटो नको.'

पहिल्या आठवड्यात कुणीच काही टाकलं नाही. दुसऱ्या आठवड्यात ॲलिसने, जी ग्रुपमध्ये नव्हतीच, रेमंडच्या फोनवरून एक फोटो टाकला. चारशे नव्वदची मादी, दोन्ही पिशव्या पिवळ्याधमक, भरलेल्या. त्याखाली आवाज रेकॉर्ड केला होता: "ही बगा बाई. आता कळलं का, पोर केवढी आनि बाई केवढी?" तो आवाज ऐकून सगळे खूप हसले, आणि त्यानंतर फोटो यायला लागले. त्यात एक गोष्ट अशी झाली की घरोघरच्या बायका या कामात आल्या, कारण मासा चिरायच्या त्याच. नीलेशची बायको संजना तर लांबीबरोबर तारीख आणि भरती-ओहोटीसुद्धा लिहून पाठवू लागली. मंदा एकटी जे करत होती ते आता बारा स्वयंपाकघरांत चाललं होतं.

दशरथ रोज सकाळी चहा घेऊन बसतो आणि आलेले फोटो मोठे करून बघतो. चारशे चाळीसच्या एका मादीत थोडी गाभोळी सापडली आहे. चारशे सत्तरच्या एकीत काहीच नाही. त्याला वाटलं होतं तितकं हे सरळ नाही. मंदाला हे दाखवता आलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, ते त्याला सुचत नाही. तिने बहुतेक आधी विचारलं असतं की मासा कुठल्या महिन्यातला आहे. म्हणून आता तोही आधी तेच विचारतो.

पट्ट्या परत येतायत तशा तो घरीच नवी रेष कोरतो, जुनी तशीच ठेवून. आतापर्यंत तेरा झाल्या. सतरापैकी चार अजून जुन्या रेषेच्याच लोकांच्या हातात आहेत, आणि त्यातली एक नेमकी कुणाकडे आहे ते दशरथला अजून कळलेलं नाही.